वाळवंटातील नगरी आणि घरचा आड

श्रोतेहो, दुबईस जाऊन आलेल्या मनुष्यास आमच्या शिरूरात पहिला प्रश्न विचारतात तो सोन्याच्या भावाचा, आणि दुसरा तेथील त्या गगनचुंबी इमारतीचा. ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मजजवळ आहेत व ती मी ओघाने देईनच. परंतु आज बोलावयाचे मनात आहे ते तिसऱ्याच एका वस्तूविषयी. ती वस्तू दुबईत नाही. ती आमच्या शिरूरच्या घराच्या चौकात आहे. ती म्हणजे आमचा जुना आड. समुद्रापलीकडे तीन आठवडे राहून आलो नसतो, तर तो आड आज मुरमाखाली गडप झाला असता, आणि त्यास माझीच संमती असती.

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले म्हणजे सुमारे सत्तर किलोमीटरांवर घोड नदीच्या काठी शिरूर लागते. जुनी माणसे गावास अद्याप घोडनदीच म्हणतात. तेथून दक्षिणेस, भीमेच्या काठी, दौंड. माझा जन्म शिरूरचा, आणि मास्तरकी झाली ती बहुतेक दौंड तालुक्यात. ह्या दोन्ही तालुक्यांच्या वाट्यास सह्याद्रीने ओलांडू दिलेला उरलासुरला पाऊस येतो. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो. तेच ढग आमच्याकडे येईतो रिते होतात, आणि पाचशे मिलिमीटर पडला तरी आमचा शेतकरी त्यास बरे वर्ष म्हणतो. घोड, चासकमान व खडकवासला ह्यांच्या कालव्यांनी पुढे पुष्कळ शिवार हिरवे केले, उसाची गुऱ्हाळे लागली, रांजणगावास व कुरकुंभास कारखाने आले. तथापि कालव्यापासून दूर असलेल्या वाड्यावस्त्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणारी हंड्यांची रांग अद्यापही दृष्टीस पडते.

अशा मुलखात आमच्या पणजोबांनी चौकात आड खोदविला. सहा परस खोल, आतून काळ्या दगडाने बांधलेला, वर रहाट आणि पोहरा. १९७२ च्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांचा होतो. त्या साली गल्लीतील दहा घरे ह्या आडावर पाणी भरीत. वडिलांनी वाड्याचा दरवाजा रात्रीही लावू दिला नाही. पहाटे तीन वाजल्यापासून रहाटाचा कुरकुर आवाज सुरू होई, व त्या आवाजाने आम्हा मुलांची झोप मोडे. पुढे नळ आले. रहाट गंजला, पोहरा माळ्यावर गेला, आणि आडावर पत्रा पडला. पत्र्यावर कुंड्या आल्या. गेल्या काही वर्षांत धाकट्या भावाने मोटार घेतली. ती ठेवावयास जागा नाही. तो म्हणाला, "दादा, आड बुजवून टाकू. नाहीतरी त्यात कचराच साठतो." मी म्हटले, "बुजव." मला त्या वेळी त्यात काहीच गैर वाटले नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

ह्यानंतर थोड्याच दिवसांनी, २०२५ च्या जानेवारीत, मी व सौभाग्यवती दुबईस गेलो. माझे चिरंजीव तेथे एका पेढीत हिशेबाच्या कामावर आहेत. सूनबाई व सहा वर्षांचा नातू तेथेच असतात. मुंबईहून विमानाने तीन-सव्वातीन तासांत माणूस तेथे पोहोचतो. पूर्वी दौंडाहून आगगाडीने मुंबई गाठावयास आम्हांस ह्याहून अधिक वेळ लागे.

आधी वैभवाचे सांगून टाकतो. बुर्ज खलिफा ही इमारत ८२८ मीटर उंच आहे. ती २०१० च्या जानेवारीत खुली झाली. एकशेचोविसाव्या मजल्यावर पाळणा मिनिटभरात नेऊन सोडतो, कान तेवढे गच्च होतात. बाजाराच्या एका इमारतीत काचेपलीकडे समुद्रातील मोठमोठे मासे पोहत असतात, तर दुसऱ्या एका इमारतीत खरे बर्फ करून त्यावर मुले घसरगुंडी खेळतात, आणि बाहेर वाळवंट. सोन्याच्या बाजारात पदकांच्या व कंठ्यांच्या राशी पाहून सौभाग्यवती काही काळ अबोल झाल्या. मात्र भावाचे म्हणाल तर सोन्याचा मूळ दर जगभर जवळपास सारखाच. फरक पडतो तो करात व घडणावळीत.

त्या एकशेचोविसाव्या मजल्यावरून खाली पाहताना मला एक गोष्ट जाणवली. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस क्षितिजापर्यंत पिवळी वाळू, आणि मध्ये रस्त्यांच्या कडेने हिरव्या रेघा. खाली उतरल्यावर एका खजुरीच्या बुंध्याशी वाकून पाहिले. वाळूत काळी नळी पुरलेली होती व तीतून थेंब थेंब पाणी पडत होते. पुढच्या झाडाशीही नळी, त्याच्या पुढच्याशीही. नळी काढली तर त्या शहरातील हिरवळ किती दिवस टिकेल, असा हिशेब मास्तरकीच्या सवयीने मनात सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "अण्णा, नवे पाहिलेत, आता जुने पाहा." ते आम्हांस खाडीवर घेऊन गेले. शहराच्या पोटात शिरलेल्या ह्या खाडीच्या दोन्ही काठांवर मूळ दुबई वसली. एका काठास देरा, दुसऱ्यास बर दुबई. ह्या काठाहून त्या काठास लाकडी होड्या चालतात. त्यांस आबरा म्हणतात. एक दिरहम दिला की उतारू पलीकडे. शेजारी भुयारी रस्ता आहे, पूल आहेत, २००९ साली सुरू झालेली चालकाविना धावणारी मेट्रो आहे, तरी सकाळी कामावर निघालेली माणसे ह्या होडीतून जातात. जुने आहे म्हणून नव्हे, सोयीचे आहे म्हणून.

पलीकडे अल् फहिदी नावाची जुनी पेठ आहे. इराणातील बस्तक प्रांतातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वसविली, म्हणून तिला बस्तकिया असेही नाव होते. अरुंद बोळ, प्रवाळाच्या दगडांच्या व चुनखडीच्या जाड भिंती, आणि प्रत्येक मोठ्या घरावर एक चौकोनी मनोरा. हा वाऱ्याचा मनोरा. चारही अंगांनी तो वर उघडा असतो, व आत तिरक्या भिंतींनी त्याचे चार भाग केलेले असतात. वारा कोणत्याही दिशेने येवो, त्या अंगाच्या भागात तो अडतो व खाली खोलीत उतरतो. खोलीतील तापलेली हवा दुसऱ्या भागातून वर निघून जाते. आमच्या धाब्याच्या घरांतून जाड भिंती व छतातील झरोका हेच काम लहान प्रमाणावर करीत. वीज नसताना माणसाने उन्हाशी केलेला हा समझोता पाहून मी थक्क झालो.

परंतु एका अशा घरात कॉफी प्यावयास बसलो असता गारवा जाणवला तो मनोऱ्यामुळे नव्हे. कोपऱ्यात वातानुकूल यंत्र मंद घरघरत होते. ह्या पेठेचा बराच भाग १९८० च्या दशकात पाडला गेला. उरलेला पुढे जपण्यात आला आणि आज तो मोठ्या प्रेमाने राखला आहे. तरी मला वाटले, मनोरा उभा आहे पण तो कामावरून निवृत्त झाला आहे, माझ्यासारखाच. होडी मात्र अजून नोकरीत आहे. परंपरा दोन प्रकारची असते, हे मला तेथे उमगले. एक दाखविण्याची, आणि दुसरी वापरण्याची.

हे शहर नेहमीच असे श्रीमंत नव्हते. शंभर वर्षांपूर्वी येथील माणसे समुद्रातून मोती काढून जगत. उन्हाळ्याचे चार महिने नाकास चिमटा लावून, पायास दगड बांधून पाणबुडे तळाशी जात, आणि त्यांचे मोती मुंबईच्या बाजारात येत. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानात माणसाने पिकविलेले मोती ह्या दोहोंनी मिळून तो धंदा बुडविला, आणि किनाऱ्यावर उपासमारीचे दिवस आले. त्या काळी तेथे आपला रुपयाच चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा दुबईने ते नाणे सोडले. त्याच १९६६ साली तेथे तेल सापडले. १९६९ साली ते परदेशी जाऊ लागले, आणि २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातींचे राष्ट्र जन्मास आले. म्हणजे आमच्याकडे बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा हे राष्ट्र अवघे एक वर्षाचे होते. श्रोतेहो, ज्या गावात रुपया चालत असे त्या गावी आज आपली मुले दिरहम मिळवावयास जातात, ही गोष्ट पाहुण्याने विसरू नये.

आता पाण्याकडे येतो. एके रात्री नातू दात घासत होता व नळ वाहत होता. मी नळ बंद केला. तो म्हणाला, "आजोबा, आमच्या बाईसुद्धा असेच सांगतात. पाणी बनवायला फार पैसे लागतात." मग क्षणभर थांबून त्याने विचारले, "आजोबा, तुमच्या गावी पाणी कुठे बनवतात?"

मी हसलो, पण चिरंजीव हसले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितले की मुलाचे काही चुकले नाही. तेथे पाणी खरोखरच बनवावे लागते. आखाताच्या पाण्यात लिटरामागे चाळीस ग्रॅमहून अधिक क्षार असतात. एका रीतीत वीज निर्माण करताना उरणाऱ्या उष्णतेने ते पाणी उकळून त्याची वाफ करितात व ती वाफ थंड करून गोडे पाणी मिळवितात. दुसऱ्या रीतीत प्रचंड दाबाने ते अतिशय बारीक पडद्यांतून ढकलतात, म्हणजे क्षार मागे राहतात. शहरापासून काही अंतरावर जेबेल अली येथे असे अवाढव्य कारखाने आहेत. मागे उरणारे अतिखारट पाणी पुन्हा समुद्रात जाते. सांडपाणीही वाया घालवीत नाहीत. ते शुद्ध करून झाडांच्या त्या काळ्या नळ्यांत सोडतात.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? त्या नगरीने ही म्हण खोटी पाडली. आडात थेंब नसताना तिने पोहरा भरून दाखविला. पण त्यासाठी इंधन, यंत्रे, पैसा आणि अखंड जागरूकता पणास लावावी लागते. शिवाय वरून पडणाऱ्या पाण्याशी मात्र तिची ओळख नाही. २०२४ च्या १६ एप्रिलला तेथे नोंदी ठेवू लागल्यापासूनच्या पंचाहत्तर वर्षांत पडला नव्हता असा पाऊस एका दिवसात पडला. रस्ते नद्यांसारखे वाहिले, मोटारी बुडाल्या, विमाने अडली. चिरंजीव त्या रात्री कचेरीतच होते. ज्या गावी पाणी बनवितात त्या गावी आभाळातून फुकट आलेले पाणी मुरवावयास जागा नव्हती.

नातवास मी म्हणालो, "बाळ, आमच्याकडे पाणी बनवीत नाहीत. ते पडते आणि जमिनीत मुरते." तो लगेच म्हणाला, "हो, त्या आडात! मी खडा टाकला होता, मग बुडुक् झालं." दोन वर्षांपूर्वी तो आला असता मीच पत्रा बाजूस सारून त्याच्या हाती खडा दिला होता. मी विषय बदलला. त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतरच्या रविवारी एक गृहस्थ मला भेटावयास आले. दौंड तालुक्यातील शाळेत ते माझ्या हाताखाली शिकले होते. आता ते चाळिशीचे आहेत व वातानुकूल यंत्रे दुरुस्त करण्याचे काम करितात. कामगारवस्तीत एका खोलीत सहाजण राहतात. त्यांनी सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी. शेतात त्यांनी विंधनविहीर घेतली, ती दोनशे फुटांवर आटली. दुसरी घेतली, तीही गेली. कर्ज काढून तिसरी सातशे फुटांपर्यंत नेली, तीतून नुसता फुफाटा निघाला. ते कर्ज फेडावयास ते वाळवंटात आले. "गुरुजी," ते म्हणाले, "पाण्यासाठी गाव सोडलं, आणि आलो कुठं बघा!"

ह्या नगरीचे वैभव अशाच हातांवर उभे आहे. तेथील दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ नऊजण परदेशी आहेत. मोठ्या हुद्द्यावरचे आहेत तसे उन्हात विटा वाहणारेही आहेत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करविण्यास कायद्याने मनाई आहे. नियम चांगला आहे, पण त्या वेळेच्या अलीकडे व पलीकडेही ऊन असतेच. उंच इमारतींचे वर्णन करणाऱ्याने हे वगळू नये, म्हणून सांगितले.

त्यांना पोहोचविण्यासाठी मी रस्त्यापर्यंत गेलो. वाटेत एका मशिदीच्या भिंतीस थंड पाण्याचे नळ लाविलेले होते. ते थांबले, ओंजळीने पाणी प्याले आणि म्हणाले, "गुरुजी, पहिल्या उन्हाळ्यात ह्या नळांनी मला जगवलं. कुणी विचारत नाही कोण कुठला म्हणून." मग माझ्या ध्यानात येऊ लागले. पुष्कळ मशिदींच्या, कित्येक घरांच्याही कुंपणभिंतीस बाहेरच्या अंगाने असे नळ असतात. धनी आत, नळ बाहेर. तहानलेल्यास पाणी देणे हे त्यांच्या धर्मात मोठे पुण्य मानितात. आपल्याकडील चैत्रातील पाणपोई ती हीच. मनोरे निवृत्त झाले, मोती गेले, परंतु वाळवंटातील माणसाची ही रीत यंत्रयुगातही कामावर आहे. त्या भिंतीशी उभा असता वडिलांनी रात्रभर उघडा ठेवलेला आमच्या वाड्याचा दरवाजा मला आठवला.

निघण्यापूर्वी आम्ही वाळवंटही पाहिले. तांबूस वाळूच्या टेकड्यांत एक झाड एकटेच उभे होते. वाटाड्याने त्याचे नाव गाफ असे सांगितले. २००८ पासून ते त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष आहे. जवळ जाऊन पाने पाहिली तो ओळख पटली. ती आपली शमी! आमच्या रांजणगावच्या महागणपतीस जिची पत्री वाहतात, तीच. तिच्या बुंध्याशी नळी नव्हती. तिची मुळे फार खोल जातात व पाणी आपले आपण शोधतात. सबंध प्रवासात नळीवाचून उभे असलेले ते पहिलेच झाड मी पाहिले, व त्यास नमस्कार केला.

त्याच संध्याकाळी भावास दूरध्वनी केला. म्हटले, "मुरूम आणू नकोस." तो म्हणाला, "दादा, दोन ट्रॉल्या कालच टाकल्या." मी म्हटले, "मग त्या बाहेर काढाव्या लागतील." तो बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, "तुम्ही तिकडं काय पाहिलंत हो?" मला दूरध्वनीवर ते सांगता आले नाही. म्हणून आज येथे सांगितले.

परत आल्यावर माणसे लावून मुरूम व त्याखालचा वर्षांचा गाळ काढविला. त्या कामास आठ दिवस लागले व भावाच्या मते तेवढ्या पैशांत मोटारीस छप्पर झाले असते. गाळातून दोन पोहरे, एक पितळी तांब्या आणि असंख्य खडे निघाले. त्यांतील एक नातवाचा असावा. आडावर लोखंडी जाळी बसविली. छपराचे पाणी आधी वाळू-खडीच्या खड्ड्यात गाळून मग आडाशेजारच्या जमिनीत मुरेल अशी योजना केली. ह्याने शिरूरचा पाणीप्रश्न सुटत नाही, हे मी जाणतो. माझ्या त्या विद्यार्थ्याचे कर्जही ह्याने फिटत नाही. परंतु ज्या मुलखात पाणी फुकट पडते तेथे ते मुरण्याची जागा आपल्याच हातांनी बुजवावयाची, आणि मुलांना पाणी विकत घेणाऱ्या गावी पाठवावयाचे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा एखादा पत्र्याखाली झाकलेला आड असेल, त्यांनी मोटारीची जागा ठरविण्यापूर्वी पत्रा उचलून एकदा आत डोकावावे, एवढेच माझे मागणे आहे.

त्या पावसाळ्यात, भाद्रपद उजाडला तेव्हा, आडात दीड परस पाणी चढले होते. मी चिरंजीवांस दूरध्वनीवर तो आकडा कळविला व नातवास खड्याचा आवाज ऐकविला. भावाची मोटार अजून रस्त्यावरच उभी असते, आणि तो मला ते दिवसातून एकदा तरी ऐकवितो. परंतु सकाळी आडाची जाळी उघडून पाणी किती आहे ते पाहणारा पहिला मनुष्य तोच असतो, हेही सांगितले पाहिजे.